लिंबाचा मान

गाडीला आवाज पाहिजे, हे दयारामकाकांचं पहिलं मत. गाडीत टीव्ही नको, हे दुसरं. आणि बॉनेट उघडल्यावर ज्या गाडीतलं मालकाला काही कळत नाही ती गाडी मालकाची नव्हेच, कंपनीची. मालकाने नुसती धुवायची आणि पुसायची, हे तिसरं. यापुढची मतं मोजत बसलं तर भात करपेल. पेट्रोलात काय मिसळतात इथपासून परदेशातल्या लढाया का पेटतात इथपर्यंत सगळ्याचं मूळ काकांना इंजिनातच सापडायचं. महामार्गाचा विषय निघाला की म्हणायचे, "रस्ता पुरा व्हईल तवर गाड्या उडाया लागतील. मंग त्या रस्त्यावर भात वाळवा!"

मतं फुकट असतात, पण काकांची फुकटची नव्हती. शहाऐंशी साली दिवेआगरच्या अलीकडच्या त्या वाडीत पहिली गाडी आली ती त्यांची डिझेल जीप. तिच्यात सिटा भरून त्यांनी सारी उमर दिवेआगर–माणगाव केलं. बाळंतिणी नेल्या, वऱ्हाडं नेली, एकदा एक रेडकूही नेलं. जीप आणली त्या दिवशी ग्रामदेवीसमोर तिची पूजा झाली, चारही चाकांपुढे लिंबं ठेवली आणि काकांनी ती चिरडून गाडी पुढे काढली. दुसरी गाडी आली अंबाजींची. अंबाजींना गाडी घेता आली, चालवता येत नव्हती, म्हणून तिचीही लिंबं काकांनीच फोडली. तिसऱ्या गाडीपर्यंत त्याची रीत झाली. वाडीत ट्रॅक्टर येवो की टेम्पो, लिंबावरून पहिलं चाक दयारामच घालणार.

आता जीप देवळासमोरच्या फणसाखाली उभी असते. तिचे कागद संपले, काकांचे गुडघे संपले, आणि सिटा एसटीने जायला लागल्या. उरला होता तो हा लिंबाचा मान. तो गेला तर वाडीत आपण नुसते एक म्हातारे, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

अशात मृणालीने गाडी घेतली. मृणाली ही काकांची पुतणी. दिवेआगरात होमस्टे चालवते. तिला गाडी शिकवली काकांनीच, त्याच जीपवर, शिव्यांसकट. आणि त्याच मृणालीने घ्यावी तर विजेची गाडी! ना गिअर, ना क्लच, ना आवाज. चावीच्या जागी एक पत्ता, रमीतला असावा तसा.

"ही गाडी हाय का मिक्सर?" काका म्हणाले.

"मिक्सरला आवाज तरी असतो," काकू म्हणाल्या. काकूंचं नाव ठमी, आणि नवऱ्याला त्या कधी फुकट सोडायच्या नाहीत.

गुरुवारी सकाळी गाडी देवळासमोर आली. हळदीकुंकू झालं, नारळ फुटला, लिंबं मांडली. मागे फणसाखाली जीप होती, भोवती अख्खी वाडी. काकांनी धुतलेला सदरा घातला होता. पण ही गाडी चालू कशी करतात हे त्यांना माहीत नव्हतं, आणि विचारायचं कसं हे तर त्याहून माहीत नव्हतं. ज्या पोरीला क्लच सोडायला शिकवलं, तिला विचारायचं?

काका बसले. शेजारी मृणाली बसली. तिने हळूच सांगितलं, "काका, ब्रेक दाबा आन् ते बटण दाबा."

काकांनी दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मग पुन्हा.

"चालू झाली व्हती," मृणाली म्हणाली. "तुम्ही बंद केलीत. आता परत चालू हाय."

"कुठं चालू हाय? मला ऐकू येत न्हाय."

"दयाराम, कान तपासून घे!" बाहेरून अंबाजी ओरडले. आपली लिंबं दुसऱ्याने फोडली हे ते अजून विसरले नव्हते.

काकांचा हात गिअरची दांडी शोधायला गेला. मधे एक गोल चकती होती. मृणाली "उजवीकडं" म्हणेपर्यंत त्यांनी ती डावीकडे फिरवली सुद्धा. समोरच्या टीव्हीवर एकदम चित्र आलं, आणि चित्रात जीप.

"अगो, ही तर माझी जीप!" काका हरखले. "टीवीवर कशी आली? बघ, काय रुबाब हाय! अजून पण..."

जीप मोठी होत चालली. काकांना ते आवडलं. बाहेर बायका किंचाळत होत्या, त्या कौतुकाने किंचाळतात असंच त्यांना वाटलं. मृणालीने "काका, ब्रेक!" म्हटलं तेव्हा त्यांचा डावा पाय क्लच शोधत होता.

मागे मागे जाणाऱ्या गाडीने पिपाण्यांचा गलका केला आणि आपली आपणच गपकन थांबली. मागे जीप वीतभर अंतरावर होती. लिंबं पुढे होती तिथेच, जशीच्या तशी.

काका उतरले. "मागची जागा बघून घेतली," ते म्हणाले. कुणी हसलं नाही, आणि तेच त्यांना लागलं. अंबाजींनी देखील खाली बघितलं. आपल्याच हाताने आज आपलीच जीप गेली असती, आणि वाचवली कुणी, तर मिक्सरने. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मृणाली, तूच घाल गो," ते म्हणाले.

"मान तुमचा हाय, काका."

"मंग मी पुढं उभा ऱ्हातो. हात दाखवतो, तशी ये."

मृणालीने गाडी लिंबांजवळ आणून सरळ केली. काका समोर उभे राहिले आणि वऱ्हाडाच्या गाड्या लावायचे तशा थाटात हात हलवू लागले. "येऊ दे... येऊ दे..." गाडी टूंटूं करून जागच्या जागी थांबली. काकांनी आणखी जोरात हात केले. गाडी हलेना.

मृणालीने काच खाली केली. सांगू की नको अशा चेहऱ्याने म्हणाली, "काका, तुम्ही समोर हाव म्हणून ती येत न्हाय."

काका एक पाऊल सरकले. टूंटूं. आणखी एक सरकले. टूंटूं.

"व्हा की बाजूला!" काकू ओरडल्या. "पोरीला जाऊ द्या!"

काका देवळाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. हातांचं काय करावं ते कळेना म्हणून ते मागे बांधले.

गाडी पुढे आली. ना धूर, ना घरघर. आणि त्या शांततेत लिंबं फुटली. फट्. फट्. आणि मागची दोन, फट् फट्. चौथं फुटलं तसा काकांच्या पायापर्यंत रस उडाला.

काका तसेच उभे होते. जीपची, अंबाजींच्या गाडीची, ट्रॅक्टरची, टेम्पोची, किती गाड्यांची लिंबं त्यांनी फोडली असतील. इंजिनाच्या त्या धडधडीत एकही फुटलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"काय वो?" काकूंनी विचारलं. "काय झालं?"

"काय न्हाय," काका म्हणाले. "आवाज हाय गो गाडीला."