गोळ्या पुढच्या गाडीत

बायपासनंतर माझ्या नवऱ्याला डॉक्टरांनी वसंतातच मोकळं केलं होतं. चाला, जिने चढा, कामावर जा, असं स्वच्छ सांगितलं होतं. पण ऑगस्ट उजाडला तरी तो घरासमोरच्या पत्रपेटीपर्यंत जाई आणि परत येऊन सोफ्यावर बसे. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची बारकी बाटली सतत जवळ. त्यातली एकही त्याला कधी लागली नव्हती. आणखी काही महिने असेच गेले तर हा माणूस उठायचाच नाही, हे मला दिसत होतं. म्हणून न्यू हॅम्पशायरमध्ये डोंगरावर जाणाऱ्या वाफेच्या गाडीची तिकिटं मी फोनवरून काढली, त्याला आणि पंधरा वर्षांच्या मुलीला कारमध्ये घातलं आणि मिशिगनमधल्या नोव्हायहून निघाले.

"चढायचं आहे ते इंजिनाला," मी त्याला म्हटलं. "तू नुसतं बसायचंस."

पायथ्याच्या स्टेशनात कोळशाचा धूर कोंडला होता. इंजिनं दिसायला विचित्र, बॉयलर नाकावर वाकलेला, म्हणजे चढावर तो सपाट होतो. दोन रुळांच्या मध्ये दात्यांचा तिसरा रूळ, त्यात इंजिनाचं दातेरी चाक अडकतं. इंजिन खालून ढकलतं, त्याच्यापुढे एकच डबा. माझा नवरा मोटारींच्या कारखान्यातला इंजिनिअर. एरवी चाकाखाली डोकं घालून बसला असता. तेव्हा बाकावर जर्किन काढून ठेवून नुसता बसून होता.

फलाटालगत डबा उभा, खिडक्या उघड्या आणि लोक शिस्तीत रांगेत. एसटीने कॉलेजला गेलेल्या बाईला अशा वेळी काय करायचं ते शिकवावं लागत नाही. रुमाल इथे कोणी ओळखला नसता, म्हणून मी बाकावरचं जर्किन उचललं आणि खिडकीतून हात घालून पहिल्या सीटवर टाकलं.

"मॉम, प्लीज! इथे असं नाही करत," मुलगी पुटपुटली. "एव्हरीबडी इज लुकिंग."

"बघू देत. जागा धरली."

दारातल्या माणसाने आमची तिकिटं पाहिली आणि मागे बोट दाखवलं. आमची गाडी मागची होती. जर्किन आत आहे हे मी त्याला समजावून सांगेपर्यंत शिटी झाली आणि पुढची गाडी धूर सोडत हलली.

नवऱ्याने शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे. "अगं, गोळ्या जर्किनमध्ये आहेत."

"असू देत."

"असू देत काय? मी येत नाही. तुम्ही दोघी जाऊन या, मी इथे थांबतो."

"गोळ्यांशिवाय?"

त्याने पुन्हा शर्टाचा खिसा चाचपला.

"गोळ्या वर गेल्यात," मी म्हटलं. "हव्या असतील तर वर जावं लागेल."

"तू मुद्दाम टाकलंस."

"मुद्दाम टाकलं असतं तर बरोबर गाडीत टाकलं असतं."

मुलीला हसू आवरेना. त्याचा विचार पक्का होण्याआधी मी त्याला दंडाला धरून डब्यात बसवलं.

चढ असा की पाठ सीटला चिकटून बसते. सर्वांत उभ्या जागी रूळ लाकडी पुलावर आहेत, खाली नुसते दगड. गाडी धापा टाकत होती आणि तोही. कोळशाची कणी माझ्या ओढणीवर पडून भोक पाडून गेली. मध्ये एका गाडीला वाट द्यायला आम्ही थांबलो. ती उतरून गेली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलंही नाही, त्याचं लक्ष वर होतं. गोळ्या तिकडे होत्या.

माथ्यावर ढग आणि हाडं गोठवणारा वारा. मी आधी तिकीट-खिडकीवर चौकशी केली. तिथल्या मुलीने आनंदाने सांगितलं, की जर्किन सापडलं आणि हरवलेलं सामान म्हणून उतरणाऱ्या गाडीने खाली पाठवलंसुद्धा. म्हणजे ते मघाशी आमच्या शेजारून गेलं होतं.

मी ते त्याला सांगितलं. लपवून काय करणार? त्याचा चेहरा पडला. माझी शाल मी त्याच्या अंगावर टाकली. खऱ्या शिखराची पाटी अजून थोडी वर, खडकांच्या ढिगावर होती. परतीच्या गाडीला वेळ होता.

"आता?" त्याने विचारलं.

"इथे थंडीत उभं राहायचं, नाहीतर तिथवर जायचं. मी चालले."

मी मागे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "अगं, हळू. एकदम नको पळूस. दगड ओले आहेत."

तो येत होता. दर दोन-चार दगडांनंतर थांबून, शाल सावरून, मुलीचा खांदा धरून. पाटीपाशी पोचला तेव्हा दम लागला होता, पण तो कोणालाही लागला असता. त्याने न सांगता मनगट माझ्यापुढे केलं.

"मोज."

मी घड्याळावर मोजले. ठोके जलद होते, पण एकसारखे.

"चांगले आहेत," मी म्हटलं.

"दुखत नाहीये," तो म्हणाला. "कुठेच नाही."

मुलीला आमचा फोटो काढायचा होता. पण आधी त्याला ते दातेरी चाक खालून बघायचं होतं, गाडी सुटायच्या आत. आमच्यासाठी न थांबता तो उतरायला लागला.