पोटदुखीनं गेली, असं सांगायचं

रेणुका गेली तेव्हा मातीला आलेल्या पाहुण्यांना काय सांगायचं, हे तिच्या चुलत्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. पोटात दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत खलास. धम्मशीलाला, म्हणजे पोरीच्या आईला, कुणी विचारलं नाही. ती भिंतीला टेकून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला तिची सासू सरजाबाई सांगत होती, "पोटदुखीचं निमित्त झालं बाई." सोळा वर्षांच्या पोरीनं स्वतःहून जीव दिला, हे पूर्णेच्या त्या रेल्वे क्वार्टरांत कुणापासून लपलं नव्हतं. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

का केलं, याचं एक उत्तर कुणाकडंच नव्हतं. अकरावीत मार्क कमी पडले होते, मैत्रिणी बोलेनाशा झाल्या होत्या, झोप उडाली होती. सुटी सुटी धरली तर यातली एकेक गोष्ट कुणाच्याही घरात सापडंल. रेणुकाच्या वाट्याला ती सगळी एकदम आली आणि घरात तिला कुणी थांबून काही विचारलं नाही. जायच्या आठवड्यात तिनं तिचा आवडता निळा ड्रेस चुलत बहिणीला देऊन टाकला होता. घरच्यांनी कौतुक केलं, पोरीचा हात लय मोकळा म्हणून.

बहीण गेल्यावर धम्मदीप, नववीतलं धाकटं पोरगं, मुकंच झालं. त्याच्या वर्गशिक्षकांनी परभणीच्या सरकारी दवाखान्यात न्यायला सांगितलं. बाप सिद्धोधन रेल्वेत ट्रॅकमन. त्यानं रजा टाकली आणि तिघं गेले. तिथल्या समुपदेशक बाईनं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर पोराला सरळच विचारलं, "तुलाही मरून जावंसं वाटतं का?"

धम्मशीला खुर्चीवरून उठलीच. "मॅडम, असं काहाला इचारता? डोक्यात नसंल तर भरंल की त्याच्या."

"विचारल्यानं भरत नाही ताई. असलं तर बाहेर येतं."

आणि आलं. पोरगं हमसून हमसून रडलं. मग महिनोनमहिने ते परभणीला जात राहिले, आणि हळूहळू धम्मदीप जेवायला लागला, भांडायला लागला, पोरांत खेळायला लागला. धम्मशीलाच्या मनात मात्र एक सल रुतून बसली. एवढा साधा प्रश्न! रेणुकाला कुणीतरी विचारायचा होता.

रेणुकाला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशीच्या पुण्यानुमोदनाला वंदना झाली, बुद्धविहारातले भंतेजी बोलले. मग दिरानं माईक घेतला आणि 'अल्पशा आजारानं' म्हणाला. धम्मशीला उठली.

"आजार न्हवता भावजी. माझ्या लेकीनं जीव दिला. तुमच्या घरातबी लेकरं हायेत. त्यांना इचारत जा. लाज वाटली तरी इचारा."

सासू म्हणाली, "मेलेल्या पोरीची अब्रू काढलीस गं." पाहुणे न जेवता उठले, आणि त्यानंतर दिराच्या घरून कधी बोलावणं आलं नाही. उरलेला भात सिद्धोधननं एकट्यानं उचलून ठेवला.

पलीकडच्या क्वार्टरमध्ये उद्धवराव राहायचे, रेल्वेतलेच बुकिंग क्लार्क. बायको विमला, एकुलती एक लेक अबोली, बारावीला. दोन्ही घरं कुंपणाशी कामापुरती बोलायची. अबोलीनं एका मुलाला पाठवलेले मेसेज कुणीतरी कॉलेजच्या ग्रुपवर टाकले. उद्धवरावांनी मुलीवर हात उगारला नाही. त्यांनी मोबाईल काढून घेतला, कॉलेज बंद केलं आणि तिच्याशी बोलणंच सोडलं. घरात पाणी हवं असलं तरी ते बायकोला सांगायचे, "तिला सांग, तांब्या आण म्हणावं."

एका दुपारी अबोली दोन कुंड्या घेऊन धम्मशीलाच्या दारात आली. मोगरा आणि गुलाब, लहानपणापासून तिनंच वाढवलेले.

"काकू, ह्या तुम्हीच ठेवा. मला आता नकोत."

धम्मशीलाला निळा ड्रेस आठवला. तिनं कुंड्या घेतल्या नाहीत. पोरीचा हात धरून तिला आत बसवलं.

"खरं सांग बाळा. मी कुणाला ओरडनार न्हाई. जीव द्यावा वाटायलाय का तुला?"

अबोलीनं आधी नाही म्हटलं. मग खाली बघत म्हणाली, "घरात मी नसल्यासारखीच आहे काकू. खरंच नसले तर काय फरक पडणार?"

धम्मशीलानं उपदेश केला नाही. "मला पडंल," एवढंच म्हणाली आणि तिला बोलू दिलं. चहा केला, तो दोघींचाही थंड झाला. पोरगी बोलून दमली तेव्हा धम्मदीपला तिच्यापाशी बसवून धम्मशीला पलीकडं गेली.

विमला ऐकूनच गळाठली. उद्धवरावांची पिंगळीला जमीन होती; रानातून चोरीला जातं म्हणून फवारणीचं औषध ते घरातच ठेवायचे. "आधी ते घराभाईर काढा, वयनी," धम्मशीला म्हणाली. "आन् पोरीला एकटी सोडू नका. उद्या सकाळी परभणीला जाऊ. मी येते संगं."

विमलानं फवारणीचे डबे त्याच संध्याकाळी हलवले, आणि सकाळी नवऱ्याला न सांगता लेकीला घेऊन धम्मशीलाबरोबर गाडीत बसली. समुपदेशक बाई तीच होती. डॉक्टरांनी औषध सुरू केलं आणि दर आठवड्याला यायला सांगितलं.

उद्धवरावांना कळलं तेव्हा ते धम्मशीलाच्या दारात उभे राहून ओरडले. आजूबाजूची सगळी क्वार्टरं ऐकत होती.

"आमच्या मुलीला येडी ठरवायला निघालात? स्वतःची सांभाळता आली नाही, आन् आमच्या घरात शिरता? तुमच्या लोकांचं पाणी आम्हाला लावू नका."

सिद्धोधन पुढं झाला, तसा धम्मशीलानं त्याला हातानं अडवलं.

"दादा, मला शिव्या द्या, पायजे तेवढ्या द्या. पन त्या पोरीशी बोला. आजच बोला."

दार आपटून ते गेले. पण त्या आठवड्यात ते बोलले. विमलानं सांगितलं म्हणून बोलले, की सगळ्या क्वार्टरांत बोभाटा झाला होता म्हणून, कुणास ठाऊक. पुढं समुपदेशकांनी दोनदा बोलावल्यावर तेही परभणीला गेले. अबोली कॉलेजात जाऊ लागली. तिचं रक्त कमी झालं होतं, असं त्यांनी ऑफिसात सांगितलं.

विमलाचं कुंपणाशी बोलणं मात्र बंद झालं. धम्मशीला समोर आली की ती पदर सावरून आत जायची.

बारावीचा निकाल लागला. अबोली चांगल्या मार्कांनी पास झाली. पेढ्यांचा बॉक्स सगळ्या क्वार्टरांत फिरला. स्टेशनवरच्या हमालांनाही पेढा मिळाला. धम्मशीलाच्या दारावरून विमला तशीच पुढं गेली.

धम्मदीप चिडला. "आई, तुझ्यामुळं वाचली ती. आन् तुलाच पेढा न्हाई?"

"तिला बघितलं का तू? पंजाबी ड्रेसवर होती. हसायली होती."

"म्हनून काय झालं?"

धम्मशीलालाही राग आला होता आणि तो तिनं गिळला नाही. पेढ्याचा राग, त्या बाईच्या पदराचा, आपल्या दिराचा, आणि पलीकडच्या घरात हसणाऱ्या त्या पोरीचासुद्धा. रेणुका असती तर एव्हाना बारावीच्या पुढं गेली असती. दुसऱ्याची लेक वाचली की आपली परत येत नाही, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"ये जेवायला," ती पोराला म्हणाली. "भाकरी गार व्हायली."

संध्याकाळी सिद्धोधन कामावरून आला. त्यानंही पेढ्यांचं ऐकलं होतं. बूट काढता काढता तो म्हणाला, "उद्धवरावानं दुसरं क्वार्टर मागितलंय म्हनं. लांब, पल्याडच्या लाईनीत."

"मागू द्या," धम्मशीला म्हणाली, आणि त्याच्या ताटात भाजी वाढली.