बोटांना न कळणारी फट

पोस्टमास्तरांनी मोटरसायकल ढकलत आणली, तेव्हा मिस्त्री हातातलं काम टाकून दारात आले. तीन महिने खपून उभी केलेली सत्तर वर्षांपूर्वीची गाडी आठ दिवसांत परत आली होती.

"किकला दमच राहिला नाही हो," निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. "गाडी म्हातारी आहे, तिला कशाला दोष द्यायचा. तुम्ही बघाल तेव्हा बघा."

ते गेल्यावर मिस्त्रींनी इंजिनाचं हेड उतरवलं. धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची कड एका बाजूला जळून नखाएवढी उडाली होती. कारण शोधायची गरज नव्हती. व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. ती नसली तर तापलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. फट मोजायला पोलादाची पातळ पट्टी असते. ती आतबाहेर सरकवताना किंचित अडकली पाहिजे, आणि ते किंचित अडकणं फक्त बोटांना कळतं.

मिस्त्रींच्या बोटांना दीड वर्षापासून काही कळत नव्हतं. साखरेच्या आजारानं नसा मेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, गेलं ते गेलं, आता उरलेलं सांभाळा. मिस्त्रींनी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. पट्टी अडकल्याचं जाणवेपर्यंत ते फट आवळत गेले, आणि जाणवलं तेव्हा फट जवळजवळ बुजलेली होती.

या गाडीचा व्हॉल्व्ह कुठेच मिळेना. शेवटी लेथवाल्यानं ट्रॅक्टरच्या जुन्या व्हॉल्व्हमधून एक कातून दिला. "दुसरा मागू नका," तो म्हणाला. "एवढाच होता."

मिस्त्रींनी तो घासायचा मसाला लावून हेडमधल्या त्याच्या बैठकीवर दोन दिवस घासला. मग हेड आडवं धरून वरच्या भोकात पेट्रोल ओतलं आणि खाली थेंब पाझरतो का ते पाहिलं. तासाभरानंतरही कोरडंच. इथपर्यंत डोळ्यांनी साथ दिली.

पुढे हेड चढवलं, पट्टी घेतली आणि सकाळ तिथेच संपली. उजव्या हातानं जमेना, डावा लावला. पट्टी ओठाला टेकवून पाहिली, दातांत धरून पाहिली. स्क्रू अर्धा वळसा इकडे, पाव तिकडे, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पट्टी खाली पडली आणि पडल्याचं त्यांना आवाजावरून कळलं.

दारात बायको उभी होती. मागच्या खोलीत ती लोकांचे कपडे शिवायची.

"ती पट्टी तोंडात कशाला घातलीत?"

"काही नाही."

"अहो, काही नाही कसं?"

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाले, "मला कळत नाही. बोटांना काही कळतच नाही."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "आधणाचं पातेलं नुसत्या हातांनी उतरवता, वर मलाच विचारता फोड कशानं आला."

तिनं पट्टी उचलली, पदराला पुसली. "सांगा, कसं असायला हवं?"

त्यांना सांगता येईना. चाळीस वर्षं जे केलं त्याला शब्द कधी लागलेच नव्हते. "सुई जाड कापडातून जाते ना," ते चाचरत म्हणाले, "अडते, पण जोर लागत नाही. तसं."

ती सरकवत राहिली, ते स्क्रू फिरवत राहिले. "आता," ती म्हणाली. तिचं बरोबर की चूक, हे तपासायलाही त्यांच्याकडे बोटं नव्हती.

संध्याकाळी पोस्टमास्तर आले, तेव्हा मिस्त्रींनी सगळं सांगून टाकलं. पोस्टमास्तर ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "एकदा मोठ्या गॅरेजात दाखवून घेतो. राग मानू नका."

"राग कसला," मिस्त्री म्हणाले.

चार दिवसांनी पोस्टमास्तरांचा फोन आला. फट अगदी बरोबर निघाली होती. मिस्त्रींनी बायकोला सांगितलं. ती हसली. त्यांना मात्र हसता आलं नाही. बरोबर निघालं ते तिचं. ते अंगणात जाऊन पाण्याच्या टाकीपाशी बसले, दोन्ही हात पाण्यात बुडवून, पाणी गार आहे की कोमट हे ओळखायचा प्रयत्न करत.

तोवर सगळीकडे मिस्त्रींच्या बोटांचा बोभाटा झाला होता. त्या महिन्यात इंजिनाचं एकच काम आलं, तेही बाहेरगावच्या माणसाचं, ज्याला काही ठाऊक नव्हतं. मिस्त्रींनी त्यालाही आधीच सांगितलं. तो घुटमळला, घड्याळ बघितलं, आणि गाडी ठेवून गेला.

मिस्त्रींनी हेडचं झाकण काढलं आणि मागच्या खोलीकडे वळून म्हणाले, "येतेस का जरा?"

"एवढी बाही लावते," आतून आवाज आला. "थांबा."

ते थांबले.