देवगिरीचा किल्ला आणि अक्काचं घर

नाताळच्या सुट्टीत मोगलाईत, निजामाच्या मुलखात, जाऊन देवगिरीचा किल्ला पाहायचा, असं मी बायकोशी बोलत होतो. माय स्वयंपाकघरातून म्हणाली, "मीबी येतो."

मायला किल्ल्याचं काही नव्हतं. देवगिरीच्या पायथ्याशी माझी थोरली बहीण, गिरजाअक्का, दिलेली. अकरा वर्षांत आम्ही तिला पाहिलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत मानपानावरून वाद झाला, बाबांच्या तोंडून तिच्या सासऱ्यांना नको तो शब्द गेला आणि येणंजाणं तुटलं. बाबा वारले तेव्हाही सासरच्यांनी तिला पाठवलं नाही. वर्षाकाठी तिचं एखादं कार्ड यायचं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. जामाच्या, म्हणजे पेरूच्या, दिवसांत ती किल्ल्याच्या दरवाजाशी टोपली घेऊन बसते, एवढं त्यातून कळलं होतं.

आम्ही अकोल्याचे, मोर्णेकाठी भाजीचा मळा. शिकून मास्तर झालेला घरातला मी पहिलाच. वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचंच, असं मी वर्गात शिकवतो. पण निजामाच्या मुलखात पाऊल टाकलं की परदेशात आल्यासारखं वाटतं. सकाळच्या गाडीनं भुसावळमार्गे मनमाडला पोचलो आणि तिथं धर्मशाळेत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी निजामाची छोटी गाडी. तिकडे हाली रुपया चालतो, तेव्हा मनमाडलाच थोडे पैसे बदलून घ्यावेत. दशम्या आणि ठेचा घरूनच न्यावा.

हद्दीपलीकडे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, शिपाई डब्यात चढला. त्यानं गाठोडं सोडायला लावलं. आत कोरं लुगडं होतं. कुणासाठी, असं त्यानं विचारलं. मायनं सांगितलं, लेकीसाठी. अकरा वर्षांनी भेटणार आहे. त्यानं लुगड्याची घडी पुन्हा नीट केली आणि म्हणाला, "ले जाओ, अम्मा."

दौलताबाद स्टेशनापासून टांगा मिळतो. रस्ता दगडाधोंड्यांचा आहे. किल्ला लांबूनच दिसतो, उभा तासलेला डोंगर. दरवाजाशी पाच-सहा बायका जाम घेऊन बसल्या होत्या. मायनं तिसऱ्या बाईसमोर जाऊन भाव विचारला. त्या बाईनं वर पाहिलं आणि हातातला तराजू खाली ठेवला. अक्का फार वाळली होती. मी तिला आधी ओळखलंच नाही, मायनं ओळखलं.

टोपली शेजारणीकडे देऊन अक्का आमच्याबरोबर वर निघाली. एवढी वर्षं पायथ्याशी काढली, पण ती स्वतः कधी चढली नव्हती. किल्ला पाहायला अर्धा दिवस हवा. खिळ्यांचे दरवाजे, उंच मिनार, मग चिनी महाल, जिथं एका राजाला कैदेत ठेवलं होतं. त्याच्यापुढे खंदक. पूल ओलांडला की अंधारी लागते: डोंगराच्या पोटातून वर जाणारी वळणावळणाची वाट. मशालवाला वाटाड्या घेतल्याशिवाय तिच्यात शिरू नये.

वाटाड्या आणि माझी बायको पुढे गेले. मायचे गुडघे दुखत होते, म्हणून ती आणि अक्का मागे रेंगाळल्या. मी मध्ये भिंत चाचपत उभा होतो. मशालीचा उजेड वळणाआड गेला आणि मागून अक्काचा आवाज आला. मुलीच्या पाठीवर तिला मुलगा झाला होता. तीन महिन्यांचा होऊन गेला, गेल्या पावसाळ्यात. तापानं. ती हे हळू आणि सरळ सांगत होती. उजेडात तिला सांगता आलं नसतं, असं मला वाटतं.

मग माय म्हणाली, "मले काऊन नाही कळवलं?"

"कळवलं असतं त तू आली असती, माय. मामंजीनं तुले दारातूनच वापस धाडलं असतं. ते मले पाहवलं नसतं."

अंधारीतून बाहेर आलो तेव्हा वरच्या बारादरीची, बारा दारांच्या महालाची, वाट समोर होती. माय त्या वाटेकडे पाठ करून बसली. "तुमी पाहा वरचं," ती म्हणाली. "मले हिच्या घरी जायचं हाय."

आम्ही सगळेच उतरलो. त्यामुळे बारादरी कशी आहे ते मला सांगता येणार नाही.

अक्काचं घर जामाच्या बागेत आहे. सासरे अंगणात दोर वळत होते. आम्हाला पाहून त्यांचे हात थांबले, पण ते उठले नाहीत. अक्का दाराशी अंग चोरून उभी राहिली. मला वाटलं, आता परत फिरावं लागणार. माय पुढे गेली आणि म्हणाली, "आमच्या माणसाचं चुकलं होतं. मी आज सांगाले आली. अन् नातू गेला म्हणून भेटाले आली."

म्हाताऱ्यांनी दोर बाजूला ठेवला. मग त्यांनी घरात हाक दिली, "पोरी, पानी आन. तुजी आजी आलीय."

आम्ही दोन दिवस राहिलो. अक्काच्या मुलीनं पहिल्या दिवशी मायला लांबूनच पाहिलं, दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ झोपली. निघताना सासऱ्यांनी बैलगाडी जुंपली आणि स्टेशनापर्यंत स्वतः हाकली. वाटेत ते फक्त पिकापाण्याचं बोलले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का मुलीला घेऊन माहेरी आली आणि महिनाभर राहिली. शाळेत पोरं मला किल्ल्याचं विचारतात, मी अंधारीपर्यंतचं सांगतो. बारादरीसाठी पुन्हा जायचा विचार आहे, तुम्ही गेलात तर चुकवू नका. आम्हा नवराबायकोला अजून मूल नाही. पण गल्लीत कुणी मायला विचारलं, नातवंडं किती, तर ती दोन म्हणते. मी तिला दुरुस्त करत नाही.