बिनशेपटाचा निरोप

नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या विद्यापीठात माझं काम आवाज कापण्याचं. रेकॉर्डिंगमधली वाक्यं सुटी करायची आणि पडद्यावरची सुराची रेघ कुठे चढली, कुठे उतरली, तिथे खुणा करायच्या. भाषा यावी लागत नाही. त्या वर्षी कँटोनीज होती. तिच्यावर पीएच.डी. करणारी हाँगकाँगची मुलगी माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची.

तिने मला सुरुवातीलाच समजावलं होतं, ते मी मराठीशी ताडून लक्षात ठेवलं. आपण ‘जेवलास’ म्हणताना शेवटी आवाज चढवला की प्रश्न होतो. कँटोनीजमध्ये प्रत्येक शब्दाचा सूर ठरलेला. तो फार वाकवला तर शब्दच बदलायचा. म्हणून राग, लाड, शंका यांचा बराच भार वाक्याच्या शेपटाला लावलेल्या ‘आ’, ‘लो’ अशा इवल्या अक्षरांवर पडतो. आपले ‘ना’ आणि ‘हं’ त्याच जातीचे, पण त्यांना इतके कष्ट नाहीत.

सोमवारी तिची प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. आधीच्या गुरुवारी सकाळी तिच्या आईचा व्हॉइस मेसेज आला. तिने तो तीनदा ऐकला, मग मला ऐकवला आणि अर्थ सांगितला. “मी बरी आहे. परीक्षा नीट दे. नंतर ये.”

“मग ठीक आहे की.”

“एकाही वाक्याला शेपूट नाही. माझी आई मीठ आण म्हणतानासुद्धा दोन लावते.”

“रागावली असेल.”

“रागात तीन लावते.”

मग आम्ही जे केलं ते आमच्याच धंद्यातले लोक करतील. आईचे जुने मेसेज मशीनवर चढवले आणि तासभर रेघा मोजत बसलो. शब्दांचे सूर जागच्या जागी होते. वाक्याच्या टोकाला मात्र रेघ कापल्यासारखी थांबत होती. “दम लागत असेल का तिला?” ती विचारत राहिली. मी आकडे वाचत राहिले.

शेवटी मला माझीच लाज वाटली. “घरी आणखी कोण असतं?”

“भाऊ.”

“त्याला फोन लाव.”

“तो सगळं ठीक आहे म्हणेल.”

“म्हणू दे. कसं म्हणतो ते ऐक.”

तिने लावला. भाऊ दोन वाक्यं बोलला. तिने काहीतरी विचारलं, तेव्हा तो भराभर सगळं सांगू लागला.

फोन ठेवून ती म्हणाली, “मंगळवारी हार्टचं ऑपरेशन झालं. मी परीक्षा सोडून येईन म्हणून लपवलं. मेसेज त्याने लिहून दिला, आईने वाचला. लिहिताना शेपटं कोण लिहितं?”

“जायचंय?”

“सोमवार आहे ना.”

“सोमवार दर आठवड्याला येतो. तू गाइडना मेल लिही, मी विमान बघते.”

तिने मेल लिहायला वीस मिनिटं घेतली. पहिला मसुदा नुसती माफी होती, तो मी खोडायला लावला. दुपारी स्टेशनवर तिने आईला फोन करून निघाल्याचं सांगितलं. पलीकडून बारीक, धापा टाकणाऱ्या आवाजात शिव्यांची सरबत्ती सुरू झाली. वाक्यांची शेपटं फलाटावर मलाही ऐकू येत होती. ती एका कानाला फोन धरून, मान डोलावत गाडीत चढली.