राजाचं घर शेवटाला

मुकुंदवाडीत आमच्या गल्लीला पाणी सोडणारे काका पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला की आमच्या ओट्यावर बसतात आणि वहीत एक मनातलं राज्य मांडतात. त्याचे कायदे मला वाचून दाखवतात. दर वाक्याला ‘व्हय का नाय?’ विचारतात, पण उत्तरासाठी थांबत नाहीत.

‘‘काका, या राजावर वचक कुणाचा?’’ मी एकदा विचारलं.

‘‘नळाचा. राजाचं घर पाइपलाइनीच्या पार शेवटाला. सगळ्यांचं भरल्याबिगर त्याला थेंब नाय. व्हय का नाय?’’

काका स्वतःही गल्लीच्या शेवटच्याच घरात राहतात. परवा मी त्यांना आमची वरची रिकामी खोली देऊ केली.

‘‘नगं. शेवटपर्यंत पाणी पोचलं का नाय, ते इथं राहून कसं कळंल?’’

या वेळी मात्र ते उत्तरासाठी थांबले. आत आमची नळाचं पाणी ओढणारी मोटर घरघरत होती.