गॉडफ्रे सरांचा संग्रह : हात लावू नये

वटारच्या गॉडफ्रे सरांनी आयुष्यात एक तासही शिकवला नव्हता. विमा कंपनीत कारकून होते. पण चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवला की माणूस आपोआप सर होतो, असं त्यांचं मत. आणि गावाला वाद घालायला वेळ नव्हता.

पुस्तकं मात्र त्यांनी ढीगभर जमवली. जमवली म्हणजे काय, कुणाकडेही चहाला जायचं, कपाटाकडे बघून नाकातून म्हणायचं, "हा ग्रंथ मी जरा नजरेखालून घालतो हं." घरी नेऊन खाकी कव्हर चढवलं की ग्रंथ त्यांचा. निवृत्त झाल्यावर ओटीवर काचेची कपाटं मांडली, बाहेर पाटी ठोकली: सार्वजनिक ग्रंथालय व संग्रहालय. सार्वजनिकच होतं ते, माल सगळ्या गावाचा!

शेजारच्या मार्थाच्या आईचं प्रार्थनापुस्तक असंच गेलेलं, "फक्त शिवण दुरुस्त करतो" म्हणून. उद्या मार्थाच्या मुलीचं, जोआनाचं लग्न. आदल्या संध्याकाळी त्या पुस्तकातून प्रार्थना झाल्याशिवाय त्या घरातली एकही मुलगी बोहल्यावर चढली नव्हती.

मार्था मागायला गेली तर पुस्तक काचेखाली उघडं मांडलेलं, शेजारी चिठ्ठी: 'दुर्मीळ प्रार्थनाग्रंथ. मूळ कुटुंब अज्ञात.'

"अज्ञात? सर, मी तुमच्या कुंपणाला लागून राहते!"

"मार्थाबाय, संशोधनाच्या भाषेत तुम्ही अज्ञातच."

"आजच्या संध्याकाळपुरतं द्या."

"ग्रंथ बाहेर जात नाही. तुम्ही या ना इथे! वाचकांसाठीच तर हे उभारलंय." आजवर आलेला एकमेव वाचक पत्ता चुकलेला कुरियरवाला होता.

मार्था आली. मागून जोआना, मावश्या, अख्खी आळी. सरांनी फोटोसाठी भांग पाडून घेतला.

उघडी दोन पानं वाचून झाली. मार्था थांबली. "सर, पान."

सरांनी हातमोजे घातले, कुलूप काढलं, पान उलटलं, कुलूप लावलं. "सर, पान." पुन्हा तेच. थोड्याच वेळात घामाघूम झालेल्या सरांनी किल्ली कुलपातच सोडली. मार्थानं शांतपणे काच उघडली, पुस्तक उचललं आणि संतांची नावं घेत चालू लागली. बायका मागोमाग, प्रत्येक नावाला एका सुरात उत्तर देत. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा माणूस गावादेखत प्रार्थना कशी तोडणार?

"संत अ‍ॅना..."

"आमच्यासाठी विनंती कर."

"मार्थाबाय, दाराबाहेर नाही हं!"

"आमच्यासाठी विनंती कर."

"हातमोजे! निदान हातमोजे तरी!"

"आमच्यासाठी विनंती कर."

मार्थाच्या मांडवात प्रार्थना पुरी झाली. तिनं पुस्तक मिटून जोआनाच्या ओटीत ठेवलं. सर पुढे सरसावले. "हे उद्या सकाळी संग्रहालयात जमा..."

"सर, हे माझ्याबरोबर कळंबला चाललंय, सासरी," जोआना म्हणाली. "जेवून जा."

सर दुखावले. वारशाचं मोल नसलेल्या समाजाबद्दल बरंच बोलले, आणि कोंबडीचं भुजिंग दोनदा मागून घेतलं.